बोर्डिंगचा मालक

बोर्डिंगात मनापासून राहणारा मुलगा मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. बाकी आम्ही सगळे तिथे नुसते मुक्कामाला होतो, अंगाने लातुरात आणि जिवाने आपापल्या गावी. कुणी निलंग्याकडचा, कुणी औशाकडचा, मी मुखेडचा. हा माझ्या शेजारच्या खाटेवरचा, उदगीरच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या एका अडत्याचा धाकटा मुलगा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही नाकं ओढत, ट्रंका घासत परत यायचो, तेव्हा हा फाटकात आमच्या स्वागताला उभा असायचा, कारण सुट्टी संपायच्या आधीच तो घरून पळ काढून आलेला असे. आम्ही त्याला ‘मालक’ म्हणायला लागलो ते चिडवायला, पण त्याने ते नाव इतक्या सहजपणे अंगावर घेतलं की चिडवण्यातली मजाच गेली.

तिथल्या प्रत्येक गोष्टीला तो ‘आपलं’ म्हणायचा. आपली घंटा, आपलं लिंबाचं झाड, आपलं वरण. त्या वरणाखाली ताटाचा तळ स्वच्छ दिसायचा. आम्ही कुरकुरलो की हा शांतपणे म्हणे, “पचायला हलकं असतंय.” एकदा एकाच्या भातात खडा निघाला. त्याने ताट आपटलं. मालकाने तो खडा उचलला, उजेडात धरून सगळीकडून पाहिला आणि निकाल दिला, “आपल्याच तांदळातला हाय. भाईरचा न्हाई.” जणू बाहेरचा असता तरच तक्रारीला जागा होती. नवीन आलेलं पोर वळकटीवर बसून रडायला लागलं की याच्या अंगात यजमान संचारे. त्याला हाताला धरून तो सगळं बोर्डिंग दाखवायचा. नळापाशी नेऊन तोटी सोडायचा. पाणी नसेच, आत कुठेतरी लांबवर हवा घुमल्याचा आवाज यायचा. “ऐकलास? यायलंय,” असं तो त्या पोराला इतक्या विश्वासाने सांगायचा की रडणं थांबवून तेही कान देई. मग आम्हीही द्यायचो.

उन्हाळी दुपारी खिडक्यांवर पोती टांगलेली असत आणि त्यांच्या भोकांतून उन्हाचे ठिपके भिंतीवर हळूहळू सरकत जायचे. मास्तरांचा आवाज, माश्यांचा आवाज, लांब कुठेतरी एसटीचा भोंगा, सगळं एकात एक मिसळून जायचं. आमचे डोळे मिटायचे ते घर पाहायला. मालक उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत बोर्डिंगचा दुसरा मजला बांधत असायचा. “हितून जिना घिऊ,” तो हळूच माझ्या कानात सांगे, “वर समद्याला एकएक खिडकी. तुझी मुखेडकडं काढू का?” मी झोपेत हो म्हणायचो. अजूनही कधी दुपारी डोळा लागला की मला तो दुसरा मजला दिसतो, आणि तो फार सुंदर आहे.

त्याच सुमारास लातूर वेगळा जिल्हा झाला. गावात पेढे वाटले गेले, भाड्याच्या इमारतींवर नव्या पाट्या लागल्या. मालकाने आम्हा सगळ्यांना भांग पाडायला लावला. “आता जिल्ह्याचं बोर्डिंग हाय म्हणलं. अवतारात हिंडू नका.” कलेक्टर कुठल्याही घडीला आपल्याकडे जेवायला येतील, अशी त्याची खात्री होती. ते काही आले नाहीत.

रविवार हा भेटीचा दिवस. आया यायच्या, धपाटे आणि शेंगदाण्याचे लाडू फडक्यात बांधून. मालकाला भेटायला कुणी येत नसे, पण सगळ्यांत जास्त लगबग त्याचीच. सतरंजी टाकायची, तांब्या पुढे करायचा, आणि प्रत्येकीला तिच्या पोराबद्दल गोड थापा मारायच्या. “मावशी, तुमचं पोरगं लई रुळलंय बघा. रडत तर न्हाईच.” मावशीचं पोरगं तेव्हा तिच्या पदरात तोंड खुपसून हमसत असायचं. तरी मावशी समाधानाने परत जायच्या. माझी आई तर जाताना आधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची, मग माझ्या. मला त्याचा राग यायचा, आणि तो मला फार आवडायचाही.

मग पाऊस सलग हुकला. बोर्डिंगच्या विहिरीत बादली खरडल्याचा आवाज येऊ लागला, टँकर मनात येईल तेव्हा यायला लागला. एका सकाळी रेक्टर सरांनी प्रार्थनेनंतर सांगितलं, “पाण्याची सोय झाली नाही तर पुढच्या सोमवारी बोर्डिंग बंद करावं लागेल. पोरांनो, घरी जावं लागेल.” आमच्या तोंडावर दुःख होतं आणि मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मालक तेवढा पांढराफटक पडला. त्याच्या वडिलांनी, अप्पांनी, आधीच बजावून ठेवलं होतं, शाळा मध्येच थांबली तर सरळ दुकानात यायचं, गादीवर बसायचं, परत जायचं नाही. आम्हाला सुट्टी लागणार होती. त्याचं बोर्डिंग संपणार होतं.

पण मालकच तो. सोमवारच्या आत अजून एक रविवार शिल्लक होता. गावोगावच्या एसटी कंडक्टरांकरवी त्याने सगळ्या आयांना निरोप धाडला, “येताना लाडू आनू नका, पानी आना.” आणि खरोखर त्या रविवारी आया आल्या त्या मांडीवर घागरी, कळशा, दुधाच्या किटल्या सांभाळत, भांड्यांच्या तोंडाला फडकी बांधून, खड्ड्याखड्ड्याला बसवाल्याला शिव्या देत. आपल्याच आया आपली सुट्टी बुडवायला पाणी घेऊन आल्या, हे बघून आम्ही कपाळाला हात लावला. दुपारच्या गाड्यांनी त्या परत गेल्या. व्हरांड्यात भांड्यांची रांग लागली. मालक बोर्डिंगच्या हौदाच्या काठावर चढून उभा राहिला. “वता रे एकएक.”

निलंग्याकडचा एक पोरगा म्हणाला, “वतायच्या आधी एक घोट घेतो.” त्याने घेतला, आणि तो कळशी पोटाशी धरून खालीच बसला. मग दुसऱ्याने घेतला. मी आमच्या घागरीचं फडकं सोडलं. आमच्या मुखेडच्या विहिरीच्या पाण्याला जरा शेवाळाचा वास आहे, तो आला, आणि वासाबरोबर पायऱ्या आल्या, म्हैस आली, आई आली. मग मला थांबता आलं नाही. कुणालाच नाही. मालक काठावरून सांगत होता, “आरं एवढं तरी वता! आरं, पिऊ नका!” आम्ही प्यायलो, तोंडं धुतली, डोक्यावर ओतून घेतलं, रडलो, हसलो. ऊन कललं तेव्हा व्हरांडा ओला होता आणि हौद कोरडा.

तो चिडेल म्हणून मी भीत भीत जवळ गेलो. तो खाली उतरून बसला होता.

“गोड व्हतं का रे?” त्याने विचारलं.

“हाव,” मी म्हणालो.

“मंग काय,” तो म्हणाला, आणि माझ्या ओल्या डोक्यावरचं पाणी त्याने हाताने निपटून काढलं.

सोमवारी बोर्डिंग बंद झालं. मालकाने एकेकाला फाटकापर्यंत पोचवलं. त्याचे अप्पा ट्रंकेवर बसून घड्याळ बघत होते. शेवटी पोरांत आम्ही दोघंच उरलो तेव्हा तो हळूच म्हणाला, “घरी मी आलो काय, गेलो काय, कुनी वळून बघत न्हाई बघ. हितं समदे बघतेत.” उदगीरची गाडी आली आणि तो गेला. जूनमध्ये आम्ही परतलो, तो आला नाही.

परवा भाचीच्या लग्नाच्या बस्त्यासाठी उदगीरला गेलो होतो. मोंढ्यात तो भेटला. आता पोट सुटलंय, कपाळावर विभूती, पुढे फोन. त्याने मला ओळखलं, बसवून घेतलं, चहा मागवला. माझा भाचा सध्या त्याच बोर्डिंगात आहे म्हटल्यावर त्याने गिऱ्हाइकाला हातानेच थांबवलं. मी सांगत गेलो, नवी इमारत झालीय, दोन मजली. पाण्याचं मशीन आहे, कॅमेरे आहेत, घरच्यांना फोनवर हजेरी कळते, समुपदेशन करायला एक बाईही येतात. तो डोळे मिटून ऐकत होता.

“पोरं रडतेत का?” त्याने विचारलं.

“रडतात की. नवीन असली की रडतात.”

दुकानात धान्याची धूळ उन्हात तरंगत होती. मग आवाज खाली आणून, शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तो म्हणाला, “भाच्याला भेटाया जाशील कवा रविवारी, तर मी बी येऊ का संगं? माझं तिथं कुनी न्हाई, पन येतो.”