साताऱ्याची मैत्रीण

आमच्याकडं अनोळखी माणसानं 'कुणाची गं तू?' म्हणून विचारलं की नुसतं नाव सांगून भागत नाही. गाव, गल्ली, बाप काय करतो, मामाचं गाव कुठलं, सगळं सांगायचं. नाही सांगितलं तर पोरगी शेफारली म्हणतात. मी तशीच वाढले, आणि नव्व्याण्णव साली सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासात इंटरनेटवरही तशीच वागले. बाई गं, काय ते शहाणपण माझं!

तो क्लास मी रडून-भांडून मिळवलेला. चुलत्यांचा विरोध, पण फौजेतल्या वडिलांनी पत्रातनं होकार कळवला म्हणून जमलं. शिकवून झालं की सर आम्हाला अर्धा तास चॅटिंग करू द्यायचे. इंग्रजी अक्षरांत मराठी बडवायची. तिथं मला साताऱ्याची एक मुलगी भेटली. तिचेही वडील फौजेत. मग काय, जन्माची ओळख असल्यागत मी सांगत सुटले. गाव कुठलं, मारुतीच्या देवळामागचं घर, वडील काश्मीरला, घरी आई आणि मी दोघीच, दुपारच्या एसटीनं परत जाते.

मग तिनं फोटो मागितला, पोस्टानं. आमच्यात पोरीचा फोटो फक्त स्थळाला जातो. मी नाही म्हटलं, तर ती हात धुऊन मागंच लागली. रोज तेच. शेवटी मी बोलणंच बंद केलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटलं.

पुढच्या आठवड्यात घरी आले तर दारात पुरुषाचे बूट. आत तिशीतला एक माणूस वडिलांच्या खुर्चीत बसून चहा पितोय, आणि आई पोह्यांची ताटली पुढं करतेय. "ये गं. तुज्या बाबांच्या वळखीचं पावणं हायत, साताऱ्याचं. आपली सगळी खबर हाय त्यास्नी."

मी पाया पडायला वाकले. खरंच वाकले! तो हसून म्हणाला, "फोटो पाठवला नाहीस ना, म्हणून मीच आलो बघायला."

ती मुलगी, ती फौजीची लेक, जिला मी घरात पुरुषमाणूस नसतो हेसुद्धा सांगितलं, ती म्हणजे हा मिशीवाला बाप्या! अंगावर पाल पडावी तसं झालं. आणि आई अजून हसतच होती. बोलण्याच्या भरात वडील दिवाळीशिवाय रजेवर येत नाहीत, हेही तिनं त्याला सांगून टाकलं होतं.

तिला आत ओढून मी कसंबसं सांगितलं, "आई, मी ह्याला वळखत न्हाई. कॉम्प्युटरवर पोरगी होऊन बोलायचा माझ्यासंगं."

तिला कॉम्प्युटर कळला नाही, बाकी सगळं कळलं. मागल्या दारातनं तिनं अशी बोंब ठोकली की शेजारचे चुलते आणि अख्खी गल्ली धावून आली. पाहुणा पळायच्या आत त्यांनी त्याची कॉलर धरली आणि त्याला पोलिसांत दिलं.

मला वाटलं, सुटले. संध्याकाळी चुलते आमच्या पुढच्या सोप्यात येऊन बसले आणि म्हणाले, "उद्यापासनं सांगली बंद. पोरगी घराभाईर न्हाई. एखादं स्थळ बघून उजवून टाकू." गल्लीतले बाप्ये माना डोलवत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच की! दोन महिन्यांनी परीक्षा होती माझी.

आईनं थोरल्या दिरांपुढं कधी आवाज काढला नव्हता. चहासुद्धा ती दाराआडनं सरकवायची. ती डोक्यावरचा पदर सावरत मध्यभागी येऊन उभी राहिली.

"आवं भाऊजी, पोरीनं त्याला पत्ता सांगितला, व्हय. पर दार म्या उघडलं. खुर्ची म्या दिली. पोहं म्या केलं, आन् मालक कवा येणार त्ये बी म्याच सांगितलं. मग कोंडायचं आसंल तर मला कोंडा. पोरगी उद्याच्या गाडीनं सांगलीला जाणार."