तारा आधी आत बसतो

मी तोंडाळ आहे, हे आमच्या घरात कुणी नाकारत नाही. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष होतं आणि मला नांदेडला जाऊन फिजिक्समध्ये एम.एस्सी. करायची होती. आबांच्या, म्हणजे वडलांच्या मनात मात्र वसमतचं एक स्थळ भरलं होतं. रविवारी पाहुणे बघायला येणार होते. एकदा ते येऊन गेले की माझं नांदेड संपलंच.

शुक्रवारी दुपारी मी आबांची भाकर घेऊन कुरुंद्याच्या शिवारात गेले. सीझनमध्ये ते हळद शिजवायचा कुकर घेऊन शेतोशेत फिरतात. खाली आग, वर पाण्याची लोखंडी टाकी, तिच्यातली वाफ पाइपानं हळदीच्या ड्रमांत जाते. जेवता जेवता त्यांनी विचारलं, नांदेडला जाऊन शिकायचं तरी काय? मी म्हटलं, तारे काहून फुटतात ते.

मग काय, माझी गाडी सुटली. तुमच्या टाकीचं लोखंड, आपल्या रक्तातलं लोह, सगळं असल्या स्फोटांतून उधळून आलंय, म्हटलं. विश्व पसरायचा वेग वाढतोय, हेही लांबच्या स्फोटांच्या उजेडावरून कळलं. आबा मन लावून ऐकत होते, म्हणून मला आणखी चेव आला. तारा फुटतो कसा? तर आग वाढत जाते, आतला दाब आवरेना झाला की फुटतो, तुमच्या टाकीसारखा! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आबांनी विचारलं, "तो जळण असताना फुटतो, का संपल्यावर?"

संपल्यावर, असं म्हटलं आणि मीच अडकले. जळण संपल्यावर आग वाढेल कशी?

मग त्यांनी सांगितलं. नवा धंदा होता तेव्हा एकदा जेवायच्या घाईत त्यांनी सगळे कॉक बंद केले आणि आगीवर पाणी मारलं. आतली वाफ निवली आणि चांगली जाड टाकी धाडकन आत चेपली. "आग हाय तोवर टाकी ताठ. आग गेली की आत बसती."

मला राग आला. मोबाइलवर पुस्तक उघडलं आणि वाचलं. टाकीला बाहेरची हवा दाबते, ताऱ्याला त्याचंच वजन. बाकी आबांचं बराबर होतं. जळण संपलं की ताऱ्याचा गाभा क्षणात आत कोसळतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. मला रडूच आलं. आता कोण पाठवतंय नांदेडला?

आबांचं मात्र संपलं नव्हतं. "आमची टाकी आत बसली ती बसलीच, भंगारात घातली. तुझा तारा आत बसून परत बाहेर कसा फुटून राहिला?"

गाभा इतका घट्ट होतो की वरून पडणारं त्याच्यावर आदळून उसळतं, एवढं पुस्तकात होतं. पण तारा फुटायला तेवढ्यानं भागत नाही, असंही होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ठोकून दिलं नाही. "पुढचं मला न्हाई माहीत, आबा. मोठ्या मोठ्यांनाबी अजून पुरतं उलगडलं न्हाई."

आबांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि वसमतला फोन लावला. रामराम झाला, हळदीच्या भावाचं बोलणं झालं.

"रविवारी येऊ नका पाव्हणं," ते म्हणाले. "पोरगी अजून शिकून राहिली."