चौकीला बाल्कनी

औरंगाबादच्या सिडकोत एन-सातला बद्रीनाथ पाथ्रीकरांच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती. त्या खोलीत अख्खं गाव मावलेलं होतं. तीन-चार रेल्वे स्टेशनं, पोस्ट, आगीच्या बंबांचं ठाणं, पाणचक्की, बेकरी, शाळा, आणि ज्या गावात एकही ख्रिस्ती राहत नव्हता त्या गावाला पुरून उरतील एवढी चर्च. फक्त हे सगळं खोक्यांत होतं. खोकी बंद होती आणि बऱ्याच खोक्यांवरचा चकचकीत प्लास्टिकचा कागदही अजून फाटलेला नव्हता.

बद्रीनाथ म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त आरेखक. उभ्या नोकरीत त्यांनी कालव्यांचे नकाशे काढले. त्यातल्या किती कालव्यांना पाणी आलं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि त्यांनाही कुणी विचारलं नाही. रिटायर झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात किंवा भजनी मंडळात जातात. बद्रीनाथांनी रेल्वे घेतली. खऱ्या रेल्वेपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान, विजेवर चालणारी. प्लायवूडच्या फळीवर रुळांचं एक लंबगोल कडं टाकलं आणि त्यावर गाडी सोडली. गाडी रोज संध्याकाळी फिरायची आणि तिला थांबायला एकही स्टेशन नव्हतं, कारण स्टेशनं खोक्यांत.

हे खोक्यातलं घर म्हणजे प्लास्टिकच्या भिंती, खिडक्या, दारं, कौलं, सगळं सुटं. माणसानं बसून चिकटवायचं. पण या छंदाची एक रीत आहे. घर लागतं म्हणून आणायचं नसतं, कंपनी ते बंद करील या भीतीनं आणायचं असतं. एक जोडायला, एक जपून ठेवायला, आणि तिसरं, पहिल्या दोघांतलं काही मोडलंच तर. जोडायचं मात्र सवडीनं. आता रिटायर माणसाला सवड कुठली असायला.

सिल्लोडचे आप्पासाहेब हे त्यांचे या व्यसनातले जोडीदार. त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं आणि भाचा जर्मनीत. भाचा तिकडून पार्सल धाडायचा, आप्पासाहेब ते जीपमध्ये घालून औरंगाबादेत आणायचे, आणि दोघं मिळून खोकं हलवून बघायचे. आतनं खुळखुळ वाजलं की दोघांच्याही चेहऱ्यावर समाधान पसरायचं. मग खोकं फळीवर. आप्पासाहेबांचं एकच म्हणणं, “घिऊन ठिवा बद्रीनाथराव, पुढच्या साली मिळायचं नाय.” पुढच्या साली ते मिळायचंच, वर नवा रंग मारून मिळायचं, आणि मग नव्या रंगाचंही घ्यावं लागायचं.

“लोक घरात राहतात,” आवडाबाई म्हणायच्या. आवडाबाई म्हणजे बद्रीनाथांची बायको. “आमच्याकडं घरं राहतात. आम्ही आपले पाहुणे.” पापड वाळत घालायला गच्चीवर जावं तर खोलीतली खोकी बाहेर ऊन खात बसलेली. बाई मुकाट्यानं पापड घेऊन शेजारच्या गच्चीवर जायच्या. मुकाट्यानं म्हणजे जिना उतरताना जेवढं बोलून होतं तेवढंच.

या छंदाच्या मंडळात तिसरा माणूस होता फारूखभाई, रोशन गेटचा. त्याच्याकडं ना गाडी, ना खोकं. पण या तिघांत खऱ्या रेल्वेत नोकरी केलेला तोच. मीटर गेजवर, म्हणजे जुन्या अरुंद रुळांवर, गार्ड होता. रविवारी यायचा, चहा प्यायचा, फिरणारी गाडी बघायचा आणि शांतपणे म्हणायचा, “बद्रीभाऊ, गार्डाचा डबा मधी लावलाय तुम्ही. मी बसू कुठं?” बद्रीनाथ डबा काढून शेवटी लावायचे. त्याच्यापुढं त्यांचं काही चालत नसे.

त्या फारूखनं एका रविवारी चहाचा कप खाली ठेवला आणि एक गोष्ट मागितली.

त्याचा बाप नवाबमियाँ करमाडजवळच्या एका फाटकावर गेटमन होता. निजामाच्या रेल्वेत लागला. पोलीस ॲक्शन झाली, रेल्वे भारताची झाली, नवाबमियाँच्या हातातली झेंडी तीच राहिली. फाटकाशेजारी एका खोलीची चौकी होती, दारात एक लिंब. फारूख तिथंच जन्मला. रूळ रुंद केले तेव्हा चौकी गेली, नवाबमियाँ तर त्याच्या कितीतरी आधी गेले. आता फारूखची आई अनवरीबी थकली होती आणि तिच्या डोक्यातनं एकेक गोष्ट निसटायला लागली होती. रोज दिवस कलला की ती ओढणी सारखी करायची आणि म्हणायची, “चलो फारूख, घर चलो. गाडी का टाइम हुआ.” एकदा फारूख तिला रिक्षानं करमाडला घेऊन गेलाही होता. तिथं चौकी नाही, लिंब नाही, फाटकही सरकलेलं. म्हातारी घाबरली, पोराचा दंड धरून रडायला लागली.

“इत्तीशी चौकी करून द्या, बद्रीभाऊ,” फारूख म्हणाला. “तिच्या खाटेजवळ ठेवतो. तिला घर दिसलं तर जीव ठिकाणावर येईल तिचा. सगळं इसरली तरी चौकी इसरली नाही अजून. लौकर करा फक्त.”

बद्रीनाथांना भरून आलं. अशा कामासाठी तर आपण एवढी वर्षं तयारी केली, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी फारूखकडनं एकेक तपशील काढून घेतला. दगडी भिंती, वरनं चुना. नालीदार पत्र्याचं छत. एक दार, रुळाकडं एक खिडकी. संपलं. त्यांनी त्याचा असा देखणा नकाशा काढला की खात्यात असते तर बढती मिळाली असती.

आवडाबाईंनी नकाशा बघितला. “चार भिंती तर हैत,” त्या म्हणाल्या. “लग्नपत्रिकांचा पुठ्ठा पडलाय घरात. दुपारच्याला बसा, चहापातुर होईल.”

“पुठ्ठा?” बद्रीनाथ म्हणाले. सोवळ्यातल्या माणसाला कुणी चपला घालून देवघरात ये म्हणावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

आणि मग इथंच घोडं पेंड खायला लागलं. दगडी भिंत हवी, तर तशी भिंत एका स्वित्झर्लंडच्या स्टेशनाला होती. ते मागवलं. खिडकी त्यातली मोठी निघाली. खिडकीसाठी एका इंग्रजी सिग्नल-केबिनचं खोकं मागवलं. पत्रा एका जर्मन गोदामाला चांगला होता, पण ते गोदाम सुटं मिळेना, कारखान्यासकट घ्यावं लागलं. कारखाना आला तर त्याला धुराडं. दार सापडेना. दारापायी चार घरं आली. एका खोलीच्या चौकीसाठी बद्रीनाथांनी निम्मं युरोप गच्चीवर आणून ठेवलं आणि चौकीची एक वीटही चढली नाही.

ईद आली, शीरखुर्मा घेऊन फारूख आला. “चाललंय,” बद्रीनाथ म्हणाले, “पत्र्याचं अडलंय जरा.” फारूख म्हणाला, “काही हरकत नाही.” दिवाळी आली. पत्रा आला होता, पण त्याच्या नाल्या जाड होत्या. पुन्हा ईद आली. या खेपेला शीरखुर्म्याचा डबा फारूखच्या शेजारच्या पोरीनं आणून दिला. बद्रीनाथांच्या मनात एकदा येऊन गेलं की फारूख स्वतः का आला नाही. पण त्याच दिवशी आप्पासाहेब पार्सल घेऊन आले होते, आणि माणसानं एका वेळी किती गोष्टींचा विचार करावा.

फारूख आला तो थेट पावसाळा सरल्यावर. बसला नाही. खोलीच्या दारात उभा राहून त्यानं छतापर्यंत गेलेली खोकी बघितली.

“अम्मा काल मला म्हणाली, तुम कौन?” तो म्हणाला. “सुनेला, बिल्किसला तर कवाच इसरली. मला इसरली त्याचं काही नाही, बद्रीभाऊ. पन घर चलो अजून म्हणती. चौकी तेवढी राहिली तिच्यात. ती पन गेली तर मी तिला काय दाखवू आन् कुठं नेऊ?”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. बद्रीनाथांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. फारूख जिना उतरून गेला आणि आवडाबाईंनी लग्नपत्रिकांचा पुठ्ठा आणून खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला. ते जास्त झोंबलं.

बद्रीनाथ बसले. खरंच बसले. खोक्यांवरचे कागद फाडले, पात्यानं सुटे भाग कापले, डिंक उघडला. हात कसबी होता, त्यात शंका नाही. चार भिंती उभ्या राहिल्या, चुना लागला, पत्रा चढला, आणि चौकी झाली. आवडाबाईंचा अंदाज बरोबर होता, एका बैठकीचं काम होतं.

पण समोर एवढं सामान उघडं पडलेलं. आता उघडलेलं वाया घालवायचं का? सिग्नल-केबिनचा लाकडी जिना इतका नाजूक होता, तो बाजूला लागला. जिना आला म्हणजे वर काहीतरी हवं, म्हणून स्वित्झर्लंडची बाल्कनी. बाल्कनीत फुलांच्या कुंड्या त्या खोक्यातच फुकट होत्या. कारखान्याचं धुराडं छतावर बसवलं, आखूड करून, कारण बद्रीनाथांना प्रमाणाची जाण होती. रुळाकडच्या एका खिडकीच्या तीन झाल्या. पुढं पांढरं कुंपण, दिव्याचे खांब, एक बाक. आप्पासाहेब बघायला आले आणि म्हणाले, “वा. याला म्हनत्यात चौकी.” आवडाबाईंनी फक्त विचारलं, “गेटमनला पगार किती होता हो?” बद्रीनाथांना वाटलं, कौतुकच चाललंय.

चौकी बुटांच्या खोक्यात कापूस घालून रोशन गेटला गेली. बद्रीनाथ रिक्षात ती मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला दटावत होते. फारूखच्या घरी बिल्किसनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, स्टूल पुसून खाटेजवळ ठेवलं. बद्रीनाथांनी चौकी त्यावर मांडली आणि दोन पावलं मागं सरले. उद्घाटनाला मंत्री सरतात तसे.

“लई खूबसूरत आहे,” बिल्किस म्हणाली. फारूख बघत राहिला. बद्रीनाथांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला.

अनवरीबीनं मान पुढं केली. बराच वेळ बघितलं.

“अच्छा है,” ती म्हणाली. “किसका है?”

“अम्मा, अपनी चौकी है ना,” फारूख वाकून म्हणाला. “करमाडवाली. अब्बा की.”

“नहीं रे,” म्हातारी म्हणाली. “ये तो किसी साब का बंगला है. हमारी तो इत्तीशी थी.” आणि तिनं ओढणी सारखी केली. “चलो. घर चलो. देर हो रई.”

ती उठायला लागली. फारूखनं तिला खांद्याला धरून बसवलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. पोरासारखा रडत होता आणि आवाज येऊ देत नव्हता. बद्रीनाथांनी एकदा चौकीकडं, एकदा म्हातारीकडं बघितलं. तळहाताएवढ्या घराकडं बघून म्हातारी म्हणते, आमचं लहान होतं. दोन वर्षं त्या पोरानं वाट बघितली, आणि आपण त्याच्या आईला फुलांच्या कुंड्या आणून दिल्या. आपली आपल्यालाच लाज वाटणं म्हणजे काय असतं, हे रिटायर झाल्यावर त्यांना त्या दिवशी कळलं.

ते स्टुलासमोर फरशीवर बसले. पाकिटातनं पातं काढलं. हे पातं ते नेहमी जवळ बाळगत. बाल्कनीच्या बुडात पातं घातलं आणि बाल्कनी उचकटली. कट्ट आवाज झाला. अनवरीबी वळली.

“ये नहीं था?” बद्रीनाथांनी विचारलं.

“नहीं था,” ती म्हणाली.

जिना काढला. कुंड्या काढल्या. धुराडं निघताना पत्र्याला भोक पडलं. बद्रीनाथांचा जीव कळवळला, तरी त्यांनी हात थांबवला नाही. म्हातारी आता पुढं सरकून बसली होती. “ये भी निकालो,” ती बोट दाखवायची आणि ते निघायचं. कुंपण गेलं. दिवे गेले. बाक गेला. जास्तीच्या दोन खिडक्यांवर बिल्किसनं भिजवलेल्या पिठीत बोट बुडवून लेप दिला, तो चुन्यासारखा दिसला. फरशीवर स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड सगळं चुरा होऊन पडलं होतं. त्यातला एकही तुकडा बद्रीनाथांनी उचलून खिशात टाकला नाही, आणि त्यांना ओळखणाऱ्या कुणाचाही यावर विश्वास बसला नसता.

स्टुलावर उरल्या चार भिंती, एक खिडकी, एक दार आणि भोक पडलेला पत्रा.

अनवरीबीनं हात पुढं केला, एक बोट त्या पत्र्यावर ठेवलं आणि भोकावरनं फिरवलं.

“बारिश में इधरसेच टपकता था,” ती म्हणाली. मग खाली वाकून तिनं दाराकडं बघितलं आणि तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. “दरवाजा कायकू बंद किए? खुला रखो. नवाब गेट खोलके आएगा अब्बी.”

खोक्यातल्या घरांची दारं उघडत नसतात. ती भिंतीला चिकटवलेली असतात, कारण त्या घरांत कुणी येणार नसतं. बद्रीनाथांनी चौकी मांडीवर घेतली, पातं दाराच्या कडेला लावलं आणि कापायला सुरुवात केली. दार वाकडं कापलं गेलं. त्यांनी ते बोटानं आत ढकललं, उघडं ठेवलं, आणि चौकी पुन्हा म्हातारीसमोर ठेवून दिली. ती हातात धरलेली ओढणी सोडून मांडी घालून बसली आणि दाराकडं बघत राहिली.