मोतीरामनं बसवलेल्या खिडक्या

हर्सूलच्या मोतीरामची गोष्ट दुसऱ्यांदा ऐकली की बोटभर वाढलेली असे, तिसऱ्यांदा हातभर. चितेगावच्या कंपनीत तीस वर्षं मशीन चालवून गडी रिटायर झाला, पण तोंड काही रिटायर झालं नाही. "एकदा काय झालं," असं तो म्हणाला रे म्हणाला, की त्याची बायको भामाबाई उठून भांडी घासायला बसे.

तर त्या संध्याकाळी, सूर्य मावळता मावळता, मोतीराम अंगणातल्या धुण्याच्या दगडावर पाय धूत होता. वर बघतो तर आभाळात चंदेरी गोळा. हलेना ना डुलेना. त्यानं हाका मारल्या. भामाबाई हात पुसत बाहेर येईपर्यंत आभाळ मोकळं.

"तुमचं समदं मी येईस्तोवरच कसं जातंय हो?"

हे मात्र त्याला लागलं. जन्मात पहिल्यांदा काही न वाढवता सांगितलं, आणि नेमकं तेच खोटं ठरलं! त्या रागातच त्यानं सांडूच्या चहाच्या टपरीवर गोळ्याला आठ खिडक्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी एका खिडकीतून कुणीतरी हातही हलवला.

आठवड्यानं छावणीतून लष्कराची जीप आली. आभाळात काय दिसलं याची चौकशी करायला कॅप्टन करुणा मॅडम आल्या होत्या, सोबत एक हवालदार. टपरीवरची हकीकत त्यांच्या कागदावर आधीच पोचलेली. अंगणात ही गर्दी! सांडू सगळ्यांत पुढं.

"आजोबा, खिडक्या किती होत्या?"

मोतीरामनं गर्दीकडं पाहिलं. आठ म्हणावं तर लोक खूश, पण मग खरा गोळाही थापेत जमा. दारात भामाबाई उभी होती.

"एकबी नाय, मॅडम. खिडक्या म्या मागनं बसवल्या."

अंगण खदखदून हसलं. "आन् हात हलवणारा, मामा?" सांडूनं विचारलं.

"त्योबी माझाच माणूस."

मॅडमनी हसू दाबत कागदावर काट मारली. "मग खरं काय दिसलं?"

मोतीराम दगडावर चढला. पोरवयात शेतातल्या माळ्यावर बसून ज्वारी राखताना बापानं शिकवलं होतं, पाखरांचा थवा किती वर आहे ते हात लांब करून बोटांनी मोजायचं. त्यानं तसाच हात धरला. "त्या समोरच्या गच्चीवरल्या काळ्या टाकीच्या वर चार बोटं. करंगळीच्या नखाएवढं. दोन तांबे पाणी पायावर घेईस्तोवर व्हतं, मग नाय."

हवालदारानं होकायंत्र लावलं, तीनदा विचारलं. तिन्ही वेळा चारच बोटं. नकाशावर रेघ ओढली, तर त्याच संध्याकाळी गोळा पाहिलेल्या छावणीतल्या पहारेकऱ्यानं दाखवलेल्या रेघेला ती हर्सूलच्या तलावाच्या वर जाऊन भिडली.

"मग व्हतं तरी काय ते?" भामाबाईनं विचारलं.

"ते अजून आम्हालाही कळलं नाही, आजी. पण होतं. आजोबांनी बरोबर सांगितलंय."

जीप गेली. "खिडक्या तरी ठेवायच्या व्हत्या राव," असं कुरकुरत सांडूही गेला.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना मोतीराम पाय धूत होता. भामाबाई आली. "सरका," म्हणाली आणि स्वतःच दगडावर चढली. टाकीकडं हात लांब करून तिनं बोटं धरली.

"हितं व्हय?"

"अंगठा मोजायचा नाय."

तिनं अंगठा मुडपला. बराच वेळ रिकाम्या आभाळाकडं बघत राहिली. मग खाली उतरून दगडावरच बसली.

"हां. सांगा आता. काय झालं एकदा?"

मोतीरामनं घसा खाकरला. आत भांडी तशीच पडून होती.