कुदोंच्या घड्याळाचा मिनिटकाटा

मार्चातल्या एका सकाळी कुदो शिगेहारु दुकानाचं दार सरकवून आत आले. त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आतलं घड्याळ नागानुमा योशिझोंनी बघताक्षणी ओळखलं.

जपानच्या अकितातल्या त्या लहान गावात, स्टेशनासमोरच्या गल्लीत, नागानुमा चाळीसहून अधिक वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. त्यातही रेल्वेवाल्यांची खिशातली घड्याळं ही त्यांची खासियत. पांढरी तबकडी, ठळक काळे आकडे, पाठीवर कोरलेला नंबर. ड्रायव्हर गाडीत चढला की समोरच्या तिरक्या फळीवरच्या गोल खाचेत घड्याळ ठेवायचा आणि मगच हँडलला हात लावायचा. निवृत्तीच्या दिवशी ते घड्याळ कायमचं हातात पडलं की भलेभले रडायचे.

"कानाएला ड्रायव्हरचं लायसन्स मिळालं हो!" कुदो म्हणाले. कानाए म्हणजे त्यांची धाकटी मुलगी. "आमच्याच लाइनीवर. पुढच्या महिन्यात एकटी गाडी नेणार. म्हटलं, बापाचं घड्याळ द्यावं तिला. साफ करून द्याल ना?"

"बघतो," नागानुमा कसंबसं म्हणाले.

तीस वर्षांपूर्वी हेच घड्याळ त्यांनी साफ केलं होतं. तेव्हा बॅटरीची घड्याळं आली होती, पण कुदोंनी हट्टानं चावीचंच ठेवलेलं. महिनाभरानं, भर बर्फात, कुदोंची एका डब्याची गाडी एका निर्मनुष्य थांब्यावरून दोन मिनिटं आधी सुटली. गाडीत कंडक्टर नव्हता आणि थांब्यावर स्टेशनमास्तर नव्हता. कुदोंनी घड्याळ बघितलं, सात अठरा झाले होते, दार बंद केलं. खरं तर वाजले होते सात सोळा. हाताकेयामा फुसा नावाची बाई धावत आली तेव्हा गाडीचा मागचा दिवा दिसत होता. तिचा नवरा शहरातल्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता. पुढची गाडी दोन तासांनी. ती पोचली तेव्हा तो गेला होता; तोंडावर पांढरा रुमाल घातलेला होता.

चौकशीत घड्याळ जेमतेम काही सेकंद चुकीचं निघालं. साहेब म्हणाले, काटा वाचायला चुकलास. कुदोंना गाडीवरून उतरवलं आणि डेपोत डबे धुवायला लावलं.

त्याच आठवड्यात कुदो घड्याळ घेऊन इथे आले होते. "नीट बघा हो. मला सात अठराच दिसले होते. शपथेवर सांगतो."

नागानुमांनी झाकण उघडलं. मिनिटकाट्याची पकड ढिली राहिली होती. घड्याळ तिरकं ठेवलं की काटा उतरताना आपल्याच वजनानं पुढे घसरायचा, चढताना मागे यायचा, म्हणून चौकशीत चूक दिसली नव्हती. काम त्यांच्याच हातचं. पाठमोरं बसून त्यांनी पकड घट्ट केली आणि वळून म्हणाले, "घड्याळ ठणठणीत आहे."

कुदोंनी घड्याळ रुमालात गुंडाळलं. मग म्हणाले, "म्हणजे मीच चुकलो."

आता तीस वर्षांनी तेच कुदो समोर हसत उभे होते. पोरीच्या कौतुकानं त्यांचा चेहरा उजळला होता. नागानुमांना वाटलं, गप्प बसावं, साफ करून द्यावं. पण त्या खाचेत उद्या कुदोंची मुलगी हे ठेवणार होती.

"कुदो-सान, बसा. मला काही सांगायचंय."

त्यांनी सगळं सांगितलं. पकड, घसरणारा काटा, पाठमोरं बसून केलेलं काम. सांगून जमिनीला कपाळ टेकवलं.

मग कुदो अगदी हळू बोलले. "मी दरवर्षी त्या बाईंकडे जायचो. तिच्या नवऱ्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला. पहिली सहा वर्षं तिनं दार उघडलं नाही. सातव्या वर्षी चहा दिला. तीन वर्षांपूर्वी गेली ती. जाताना म्हणाली, 'कुदो-सान, मी तुम्हाला माफ केलं.' " त्यांचा आवाज फाटला. "कशाबद्दल माफ केलं हो तिनं मला? सांगा ना!"

"चूक माझी आहे. काय शिक्षा द्याल ती..."

"मला कशाला सांगताय? तिच्या मुलाला सांगा. आज. आत्ता."

दोघं अकराच्या गाडीनं निघाले. डब्यात कुदो समोर बसले, पण सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. हाताकेयामांच्या घरी नागानुमा एकटे आत गेले. कुदो अंगणाबाहेर, उरलेल्या बर्फात उभे राहिले. मुलगा पन्नाशीचा, सफरचंदाच्या बागेतून नुकताच आलेला. त्यानं मध्ये न बोलता सगळं ऐकलं. मग आईबापांच्या फोटोंकडे बघून म्हणाला, "आईला हे कळायला हवं होतं. आता मी काय करू या गोष्टीचं?"

नागानुमांनी उदबत्ती लावू का म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, "आज नको." मग खिडकीतून कुदो दिसले तसा तो अनवाणीच बाहेर धावला आणि त्यांच्यापुढे कमरेत वाकला. कुदो त्याला उठवत होते, "अहो, पाय गारठतील," म्हणत होते आणि स्वतः रडत होते.

गावच्या स्टेशनावर उतरल्यावर कुदोंनी हात पुढे केला. "घड्याळ."

नागानुमांनी रुमालासकट परत दिलं.

"शहरात एक जण आहे, त्याच्याकडे देईन. कानाएला काय सांगायचं ते मी ठरवीन. तुमच्या दुकानात मी यायचा नाही."

नागानुमा वाकले. कुदोंच्या पावलांचा जिन्यावरचा आवाज विरेपर्यंत ते वाकलेलेच होते. घरी बायकोनं विचारलं, "जेवलात का?" ते नाही म्हणाले. तिनं मिसो सूप गरम करून पुढ्यात ठेवलं. त्यांनी वाटी उचलली आणि न पिताच खाली ठेवली, तेव्हा तिनं काय झालं म्हणून विचारलं. तीस वर्षांत त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.