फाट्यावरचा डबा

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी खोलीच्या भिंतीवर एक टाइमटेबल चिकटवलं होतं. काय सांगू त्याचा थाट! अभ्यासाला हिरवं स्केचपेन, कॉलेजला निळं, झोपेला जांभळं. उठल्यापासून दिवा बंद करेपर्यंत एकही चौकोन रिकामा नव्हता. माझी रूममेट धर्माबादची, तिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "बाई, ह्यात श्वास कवा घ्यायचा ते बी लिव."

मी चिडले. मला टापटीप लागते, आणि टापटिपीला हसणारी माणसं मला खपत नाहीत. पण ते टाइमटेबल आठवडाभरसुद्धा धड चाललं नाही हेही खरं. कारण एकच, डबा.

आमच्याकडं खेड्यातली पोरं शहरात शिकायला आली की त्यांचा डबा एसटीनं येतो. लातूरला जा नाहीतर नांदेडला, सकाळी स्टँडवर हाच देखावा. नायगावकडून येणाऱ्या गाडीत माझी माय डबा ठेवायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून. ड्रायव्हरमामा तो सीटमागं ठेवून घ्यायचे. गाडी स्टँडला लागली की आम्ही पोरंपोरी दाराशी गर्दी करायचो, आपापलं फडकं ओळखून डबा उचलायचा आणि कालचा डबा परत द्यायचा.

माझी खोली नांदेडबाहेर विष्णुपुरीला, कॉलेजजवळ. म्हणजे रोज ऑटोत कोंबून घेऊन स्टँड गाठायचं, गाडीची वाट बघायची आणि परत तसंच कोंबून घेऊन यायचं. गाडी वेळेवर आली तर सकाळचं प्रॅक्टिकल कसंबसं सापडायचं. पण एसटीच ती! कधी पंक्चर, कधी पुढं उसाचा ट्रॅक्टर. इकडं आमचे प्रॅक्टिकलचे सर वेळेचे असे पक्के की दार लावलं म्हणजे लावलं. एकदा त्यांनी मला थांबवून घेतलं आणि म्हणाले, "आता आणखी एक बुडवलंस तर टर्म मिळणार नाही. मग मला रडून दाखवू नकोस."

टर्म गेली म्हणजे वर्ष गेलं. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिली मुलगी. "पोरीला कशाला शहरात ठेवता" म्हणणारे चुलते तर टपूनच बसलेले होते. मला घरी बसवायला त्यांना एवढं निमित्त पुष्कळ होतं.

त्यानंतरच्याच प्रॅक्टिकलला गाडीनं दगा दिला. मी स्टँडवर उभी. घड्याळ बघून बघून मान दुखायला लागली, गाडीचा पत्ता नाही. शेवटी म्हटलं, मरो तो डबा! ऑटोत बसले आणि परत निघाले. ऑटो फाट्यावर आली. आमच्या गावाकडची सडक आणि विष्णुपुरीची सडक जिथं मिळते तो हा फाटा. बघते तर समोरून आमचीच गाडी. थांबली, चार माणसं उतरली, निघाली शहराकडं माझा डबा घेऊन.

अगं बाई! ही गाडी रोज माझ्या खोलीच्या उशापासून जात होती आणि मी तिला भेटायला स्टँडपर्यंत धावत होते! का, तर आधीची पोरं स्टँडवर जायची म्हणून. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं, देव जाणे. एवढा रंगीत कागद रंगवला, पण हे काही सुचलं नाही. हसावं का रडावं कळेना. प्रॅक्टिकल मात्र सापडलं. भुकेनं डोळ्यापुढं काजवे चमकत होते, तरी सापडलं.

संध्याकाळी मायला फोन केला. डबा भरलेलाच परत गेला होता. मी आनंदात सांगितलं, "माय, उद्यापासून मामांना सांग, डबा फाट्यावरच द्या. माझा लई वेळ वाचतो." ती नुसती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही प्रॅक्टिकल होतं. मी फाट्यावर उभी राहिले. गाडी थांबली, दार उघडलं, आणि डबा घेऊन माझी मायच खाली उतरली.

"तू? अन् वावरातलं काम?"

"ऱ्हाऊ दे काम. रोज भाकर परत येऊन राहिली, काल तर अख्खा डबा आला. म्हणलं बघून यावं. बिमार हाईस का?"

"न्हाई गं माय, ठणठणीत हाय. पण प्रॅक्टिकल हाय आता..."

"मग जा की पळत! मी बसते हितं."

मी पळाले. सगळं प्रॅक्टिकलभर माझं ध्यान फाट्यावर. सुटल्या सुटल्या परत आले तर ती चहाच्या टपरीशेजारी डबा मांडीवर घेऊन तश्शीच बसलेली. तिला खोलीवर आणलं. रूममेटनं लगबगीनं चादर झटकली.

मायचं लक्ष आधी भिंतीकडं गेलं. चौथीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचते. "ह्ये तूच केलंस? लई झ्याक केलंस गं." मी फुशारले. ती एकेक चौकोन वाचत निघाली. "आंघोळ हाय. डबा आणणे हाय. कॉलेज हाय. अभ्यास हाय..." बोट खालपर्यंत गेलं आणि परत वर आलं.

"जेवण कुठं लिवलंस?"

मी बघितलं. कुठंच नव्हतं. डबा आणायला मी अर्धी सकाळ दिली होती, तो खायला एक चौकोन नाही. उभ्या उभ्या दोन घास कोंबायचे आणि उरलेलं तसंच डब्यात परत धाडायचं, असं चाललं होतं. नेहमी टवाळी करणारी रूममेटसुद्धा मुकाट ताटं काढायला उठली.

माय मात्र एकदम हलकी होऊन हसली. "असं हाय व्हय! मला वाटायचं, माझ्या हाताची चव गेली."

माझे डोळे भरून आले. कितीतरी दिवस ही बाई माझी उरलेली भाकर बघून चुलीपुढं स्वतःलाच बोल लावत बसली होती! मी खाली बसले, फडकं सोडलं. भाकर, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आम्ही तिघी जेवलो, सावकाश. दुपारचं पहिलं लेक्चर बुडलं, बुडू दे म्हटलं.

तिला सोडायला फाट्यावर गेले. रिकामा डबा तिनं पिशवीत टाकू दिला नाही, हातातच धरला. खिडकीशी बसली, झाकण उघडून आत बघितलं, आणि गाडी सुटल्यावर परत एकदा उघडून बघितलं.