कमलच्या नावाचा दाखला

सुमती वामन ठोंबरे यांचे गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, पनवेलच्या राहत्या घरी निधन झाले. चार दिवसांच्या तापाचे निमित्त झाले. वय सदतीस. तार मला मुंबईत कामावर असताना मिळाली आणि ही सुमती कोण, हे उमगायला क्षणभर वेळ लागला. ती माझी सख्खी थोरली बहीण होती. सुकापूरच्या आमच्या घरात तिचे नाव कमल होते. मी तिला शेवटपर्यंत कमलताईच म्हणत आलो.

युद्धाच्या दिवसांत आम्ही दोघांनी मराठी सातवीची, म्हणजे फायनलची, परीक्षा एकाच वर्षी दिली. पुस्तके एकच होती. ती पहाटे मोठ्याने वाचायची, मी दिवसा. ती केंद्रात पहिली आली, मी कसाबसा पास झालो. फायनल झालेल्याला तेव्हा प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे. मला ती मिळाली आणि पुढे त्याच जोरावर मी वर्तमानपत्रात शिरलो. तिचे लग्न झाले. नवऱ्या मुलाने ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘सुमती’ असे नवे नाव लिहिले आणि ते वाचून सगळ्यांना पेढे वाटले. त्या वेळी कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही, मलाही नाही.

दहा वर्षांनी वामनराव भाताच्या गिरणीत पट्ट्यात सापडून गेले. पदरात दोन मुली. कमलताईने शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. दाखला कमलचा, अर्ज सुमतीचा. दोघी एकच आहेत, असे घरच्या कर्त्या पुरुषाने लिहून द्यावे, असे कारकुनाने सांगितले. ती थोरल्या दिरांना विचारायला गेली तेव्हा मी बरोबर होतो. ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते.

“लग्नाआधीची कमल कोण, आम्हांला काय ठाऊक?” ते म्हणाले. “आमच्या घरात आली ती सुमती.”

“दादा, सही तेवढी हवी आहे.”

“आणि बदली झाली म्हणजे? बाईमाणूस परक्या गावात खोली करून राहणार? शाळेची एवढीच हौस असेल तर कोपऱ्यावरच्या शाळेत पाणी भर. तिथं दाखला नाही लागत.”

सख्ख्या भावाने लिहून दिले तरी चालेल, असेही कारकून म्हणाला होता. दीर मला दारापर्यंत सोडायला आले. लिहून देणार असाल तर तिघींना आजच मुंबईला घेऊन जा, असे त्यांनी शांतपणे सांगितले. गिरगावात माझी एकच खोली होती, आत पाच माणसे...

निघताना कमलताईने विचारले, “तू देशील ना?”

पुढच्या रविवारी येतो, असे मी म्हणालो. त्या रविवारी मी गेलो नाही.

दिवाळीनंतर ती कोपऱ्यावरच्या शाळेत पाणी भरू लागली. मी कधी गेलो तर चहा करायची, मुलांची चौकशी करायची. त्या कागदाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. मास्तर रजेवर असले की हेडमास्तर तिलाच चौथीच्या वर्गावर पाठवत. हंडा दाराशी ठेवून ती आत जाई. एकदा मी खिडकीतून पाहिले. ती फळ्यावर त्रैराशिक मांडत होती, आणि आवाज पहाटे वाचायची तेव्हाचाच होता... मी आत गेलो नाही. तपासनीस यायचे असले की ती बाहेर हंड्यापाशी उभी राही.

गेल्या आठवड्यात मी त्या शाळेत गेलो. गणित अडले की पोरे अजून दाराकडे बघतात, असे हेडमास्तर म्हणाले. तिच्या मुलींसाठी नोकरीचा एक कागद हवा होता. त्यात शिक्षणाच्या रकान्यात ‘नाही’ असे होते. दाखला दुसऱ्या नावाचा, म्हणून तसे लिहावे लागले. आणि शिक्षण नाही म्हटल्यावर पगाराला तिची सही घेता येईना, असे ते म्हणाले. त्यांनी हजेरीपट काढून दिला. मी पाने उलटली. अकरा वर्षे, दर महिन्याला, सुमती वामन ठोंबरे या नावापुढे डाव्या अंगठ्याचा ठसा आहे.